तायडेंचा काळा-पांढरा कॅमेरा

फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी गच्चीवर होतो, दुर्बिणीच्या खोळीवरची धूळ झटकत. सकाळचे नऊ-सव्वानऊ झाले असतील. फोनवर ‘तायडे अकोला’ असं नाव उमटलं आणि मी, सांगायला लाज वाटते, तो तीन-चार वेळा वाजू दिला. जवळजवळ वर्षाने ते नाव दिसत होतं. शेवटी तायडेंनीच माघार घेतली तर, असं मनात येऊन गेलं. आता किती ताठ बोलायचं, किती सैल सोडायचं, याची मी तेवढ्यात जुळवाजुळवही केली आणि मगच फोन उचलला. पलीकडे शोभावहिनी होत्या. “भावजी, हे गेले,” त्या म्हणाल्या. “पहाटे छातीत दुखून राहिलं म्हणत होते... दवाखान्यात नेलं, पण नाई.” वहिनींनीच मला सांगितलं की चार वाजता न्यायचं ठरलं आहे, बस मिळते, धावपळ करू नका. नवरा जाऊन चार तास झालेली बाई मला धावपळ करू नका म्हणत होती, आणि मी नुसता ‘हो, हो’ करत होतो.

त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. वसंत तायडे अकोल्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवणारे निदेशक होते आणि तिथूनच निवृत्त झाले. मी अमरावतीला भौतिकशास्त्र शिकवत होतो. आमच्या भागातल्या आकाश पाहणाऱ्या पंधरा-वीस हौशी लोकांचा एक गट आहे, त्याचा प्रमुख मी. प्रमुख म्हणजे काय, तर सर्वांत मोठी दुर्बीण माझी आणि सर्वांत मोठा आवाजही माझाच. तायडेंवर लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. उलट मी लिहू नये असंच काही जणांना वाटत असेल, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

आमची ओळख जंगलातल्या सेमाडोहची. तीस वर्षं तरी झाली. कॉलेजची मुलं घेऊन मी तिथे आकाशदर्शनाला गेलो होतो आणि नुकताच अंधार पडत होता. धारणीकडे जाणारी एसटी तिथेच बंद पडली होती, उतारू रस्त्याच्या कडेला बसले होते. त्यांच्यातला एक उंच, किडकिडीत माणूस हातात जेवणाचा डबा घेऊन आमच्याकडे आला. “पाहू द्या ना भाऊ मले बी.” मी शनी लावून ठेवला होता. त्या माणसाने डोळा लावला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, “दुर्बीण हालून राहिली तुमची.” मी जरा झटक्यानेच म्हणालो, वारा आहे. “वारा नाई भाऊ. डाव्या पायाचा बोल्ट आहे.” मग त्याने पिशवीतून सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा काढला, बोल्टखाली सरकवला, पिळून घट्ट केला, आणि शनी जागच्या जागी थांबला. त्यानंतर पाच मिनिटं तो माणूस दुर्बिणीपासून हललाच नाही. मागे मुलांची रांग लागली, कंडक्टर दोनदा हाका मारून गेला, पण नाही. विद्यार्थ्यांसमोर माझी चूक दाखवली गेली होती, तरी मला वाईट वाटलं नाही. तायडे चूक अशीच दाखवायचे, हाताने, आणि पुढे तिच्याबद्दल बोलायचे नाहीत.

तेव्हा त्यांची नेमणूक धारणीला होती. तिथे रुजू व्हायच्या दिवसाची गोष्ट त्यांनी मला पुढे अनेकदा सांगितली. रुजू होण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. तायडे परतवाड्याच्या स्टँडवर वेळेवर पोचले, पण गाडी वेळेच्या आधीच निघून गेली होती. बांबूच्या ट्रकवर बसून दुपारी धारणीला पोचले, तर साहेब म्हणाले, गाडी लवकर सुटली याचा पुरावा आणा. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ उलटे परतवाड्याला गेले आणि स्टँडवरच्या नियंत्रकाच्या मागे लागून तसं लिहून घेऊन आले. साहेबांनी कागद वाचलासुद्धा नाही, फाइलला टोचला. “आमाले सगळ्याच गोष्टीचा पुरावा मागतात भाऊ,” तायडे हसत सांगायचे. “जातीचा मागतात, जन्माचा मागतात. म्हटलं, बशीचाबी देऊन टाकू!” मीही हसायचो. त्या ‘आमाले’मध्ये कोण येतं आणि मी त्यात येत नाही, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी जरा जास्त मोठ्याने हसायचो.

त्या दिवसापासून तायडेंनी आपली घड्याळं दहा मिनिटं पुढे केली, ती कायमची. मनगटावरचं, भिंतीवरचं, गजराचं, एकही सुटलं नाही. मोबाइल तेवढा त्यांना ऐकेना, तो आपली वेळ वरून घेतो, म्हणून त्या यंत्रावर त्यांचा मनापासून राग होता. या घड्याळांचा सर्वांत जास्त त्रास मला झाला. अकोल्याला त्यांच्याकडे गेलो की गप्पा रंगात आलेल्या असताना ते बैठकीतल्या घड्याळाकडे पाहून उठायचे. “चला भाऊ, गाडी चुकीन.” मी चप्पल घालून पळत सुटायचो, स्टँडवर येऊन पाहतो तर अमरावतीच्या गाडीचा पत्ता नाही. “तायडे, तुमच्या घड्याळाने मला पुन्हा फसवलं.” “फसवलं काहून? दहा मिनिटं वाचली ना बाप्पा!” ती वाचलेली दहा मिनिटं आम्ही फलाटावर उभे राहून काढायचो. घरी सगळ्यांसमोर न निघालेल्या गोष्टी तिथे निघायच्या. माझ्या बायकोचं दुखणं काय आहे ते मी पहिल्यांदा तायडेंना सांगितलं, तेही अकोला स्टँडच्या फलाटावर, शेंगदाण्याची पुडी हातात धरून. त्यांनी पुडी माझ्या हातातून काढून घेतली आणि गाडी येईपर्यंत सांभाळली.

आता कॅमेऱ्याचं सांगतो. दुर्बिणीतून दूरच्या, अंधुक गोष्टींचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याची झडप कितीतरी वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरत असते, म्हणून दुर्बिणीलाही मोटरने ताऱ्यांच्या मागोमाग फिरवावं लागतं. पण कोणतीच मोटर अगदी अचूक नसते. मग मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवतात आणि तिला एक छोटा कॅमेरा लावतात, तो गाइड कॅमेरा. त्याने एक तारा धरायचा आणि त्याच्यावरून नजर काढायची नाही. तारा जराही सरकला की त्याची खबर संगणकाला जाते आणि मोटर चूक सुधारते. या कामाला रंगांची गरज नसते, म्हणून तो काळा-पांढरा असतो, आणि रंग नसल्यामुळे कमी उजेडातही त्याला चांगलं दिसतं. दिसायला अगदीच सामान्य, टॉर्चच्या मोठ्या सेलएवढा. मी नवीन कॅमेरा आणला तेव्हा जुना तायडेंना देऊन टाकला. त्यांच्या दुर्बिणीचा सगळा सांगाडा त्यांनी स्वतः लेथवर केलेला होता, मोटरही कुठल्याशा जुन्या यंत्राची. त्यावर लांब वेळाचे फोटो निघणं कठीण. त्यामुळे त्यांनी त्या गाइड कॅमेऱ्याला वाटाड्याच्या कामाला लावलंच नाही, सरळ मोठ्या दुर्बिणीला जोडलं आणि ग्रहांवर रोखलं.

ग्रहांचं तंत्र वेगळं. तिथे दोन मिनिटांची चित्रफीत घ्यायची, तिच्यातल्या हजारो चौकटींपैकी हवा स्थिर असतानाच्या चौकटी निवडायच्या आणि त्या एकावर एक रचून एक चित्र करायचं. तायडेंचा या कामात हात बसला. निवड करताना फिटरचाच डोळा. “लय इमानदार आहे भाऊ तुमचा कॅमेरा,” ते म्हणायचे. “रंगबिंग काई नाई, पण एक सूत हाललं की बोंबलते.” गुरूचे पट्टे, त्यावरच्या गाठी, चंद्राच्या सावलीचा काळा ठिपका... अकोल्याच्या धुळकट आकाशातून, घराच्या गच्चीवरून, त्या सेलएवढ्या कॅमेऱ्याने त्यांनी जे गुरू काढले तसे माझ्या महागड्या रंगीत कॅमेऱ्यातून कधी निघाले नाहीत. मी गटात त्यांचं कौतुक करायचो. कौतुक करताना हा कॅमेरा मीच दिला होता हेही प्रत्येक वेळी सांगायचो. लोकांना तेव्हाच काय ते कळलं असणार.

मागच्या वर्षीच्या थंडीत मी सेमाडोहला गेलो, एका दीर्घिकेचा फोटो घ्यायला. तायडेंना चला म्हणालो होतो, पण त्यांना सर्दी झाली होती. त्या फोटोची मी दोन वर्षं तयारी केली होती, आणि नेमका माझा गाइड कॅमेरा पुन्हा पुन्हा तारा हरवत राहिला. सगळे फोटो रेघोट्यांचे. सकाळी जीपमधून परतवाड्याकडे उतरताना फोनला रेंज आली आणि ओळीने तायडेंच्या न लागलेल्या फोनच्या सूचना आल्या. मी फोन लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. “भाऊ, गुरूवर काईतरी पडलं.”

“काय पडलं?”

“काल दिवेलागणीनंतर फीत घेऊन राहिलो होतो. मी पडद्यावर पाहूनच राहिलो होतो, अन् एकदम चमकलं. दीडएक सेकंद. मग गेलं.” त्यांचा आवाज मी तीस वर्षांत तसा ऐकला नव्हता. पासष्टीचा माणूस, श्वास लागत होता. मी म्हणालो, “आधी केबल तपासा. त्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जुनाच खराब आहे.” “तो कोपऱ्यात आहे भाऊ. हे गुरूच्या अंगावर होतं. गुरू हाले तसं हेबी हाले.” “पाहू,” मी म्हणालो. कुठून तरी एखादा दगड येऊन गुरूच्या वातावरणात जळतो आणि पृथ्वीवरून त्याची चमक दिसते, हे घडतं, पण ते नेमकं त्या क्षणी पाहणारा माणूस फार विरळा. आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्यांना ते दिसत नाही. तायडेंनी मला फीत पाठवली. मी ती दोनदा पाहिली. खरं सांगतो, पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ते काय आहे ते मला कळलं होतं. आपल्या भागातून असं काही कोणाला मिळालंच तर ते मला मिळेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊकही नव्हतं. तिसऱ्यांदा मी फीत पाहिली नाही. तायडेंना कळवलं, “नक्की सांगता येत नाही, घाई करू नका, गटात टाकू नका.” त्यांनी टाकली नाही.

चार दिवसांनी पूर्वेकडच्या एका देशातल्या हौशी निरीक्षकाची नोंद जाहीर झाली. त्याच संध्याकाळी, गुरूवर, त्याच पट्ट्याजवळ चमक. आता मात्र तायडेंनी आपली फीत गटात टाकली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी त्या परदेशी नोंदीची वेळ आपल्या वेळेत बदलून पाहिली, सात वाजून एक्केचाळीस मिनिटं. तायडेंच्या फितीच्या नावात संगणकाने आपोआप लिहिलेली वेळ होती. तिच्यावरून त्यांची चमक निघत होती सात एक्कावन्नची. गुरूवरची चमक पृथ्वीवर सगळीकडे एकाच क्षणी दिसायला हवी. मी गटात लिहिलं, “दोन्ही वेळांत दहा मिनिटांचा फरक आहे. त्यामुळे या दोन घटना एक नाहीत. तायडे यांच्या फितीतली चमक हा साधनातला दोष समजावा. अशा बाबतीत वेळ हाच पुरावा असतो.” शेवटचं वाक्य मी नंतर जोडलं. चांगलं वाटलं होतं मला ते.

दहा मिनिटं! तीस वर्षं ज्या दहा मिनिटांवरून मी त्या माणसाची थट्टा केली, ती दहा मिनिटं माझ्या समोर आकड्यांत लिहिलेली होती आणि माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. किंवा वाजलं असेल आणि मी उचललं नसेल. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही आधी विचारलं असतं, की तुमचं घड्याळ बरोबर होतं का. मी विचारलं नाही. वर गटातल्या एकाने हसऱ्या चेहऱ्यासकट लिहिलं, “बातमी वाचून चमकलं की काय?” बातमी यायच्या चार दिवस आधी तायडेंनी मला फोन केला होता, हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं. मी तेही लिहिलं नाही. अर्ध्या तासाने तायडेंचं उत्तर आलं.

“बरं, सर.”

त्यांनी मला तोपर्यंत कधीही सर म्हटलं नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. तायडे गटातून बाहेर पडले नाहीत, कोणाला काही बोलले नाहीत, फक्त त्यांचे गुरू-शनी यायचे बंद झाले. मी एकदा एका लग्नाला अकोल्याला गेलो, ऑटो त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून गेला, मी मान वळवून गच्चीकडे पाहिलं आणि ऑटोवाल्याला काही सांगितलं नाही. परत येताना स्टँडवर अगदी वेळेवर पोचलो. गाडी लागलेली होती. चढलो आणि बसलो.

ते गेले त्या दिवशी त्यांच्या अंगणात आयटीआयची जुनी मुलं मावत नव्हती. मुलं म्हणजे आता पन्नाशीचे बाप्ये. बुद्धवंदना झाली तेव्हा मी मागे उभा होतो. मला कोणी पुढे या म्हटलं नाही, मागे का उभे असंही विचारलं नाही. पुढे पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमालाही मी मागेच बसलो. नंतर आठवड्याभराने वहिनींचा फोन आला. “तुमची एक वस्तू आहे भावजी, घेऊन जा.”

मी गेलो. बैठकीत सगळं होतं तसंच होतं. कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती, भिंतीवर ते गोल घड्याळ, आणि त्याच्या खाली आता तायडेंचा फोटो. वहिनींनी एक स्टीलचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला तो काळा-पांढरा कॅमेरा होता आणि डब्याच्या झाकणावर तायडेंच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती, “भाऊंचा”. चिठ्ठी जुनी, कडा पिवळ्या पडलेल्या. दिला त्या दिवसापासूनची असावी. मी देऊन टाकला होता, त्यांनी तो ठेवून घेतला होता माझा म्हणूनच. मी म्हणालो, “वहिनी, हा तुमच्याकडेच राहू द्या.” त्या म्हणाल्या, “मी काय करू? अन् हेबी घ्या.” त्यांनी गच्चीवरचा जुना लॅपटॉप आणि निरीक्षणाची वही पुढे केली.

वही मला ओळखीची होती. दर वर्षी मी गटातल्या सगळ्यांच्या वह्या मागवायचो, चाळायचो आणि पानाखाली ‘पाहिले’ लिहून सही करायचो. मास्तरकीची सवय. तायडेंच्या वहीत प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते. घड्याळाची वेळ, वजा दहा, खरी वेळ. प्रत्येक पानावर. आणि खाली माझी सही, पाहिले, पाहिले, पाहिले. मी थंडीतल्या त्या संध्याकाळचं पान काढलं. घड्याळाची वेळ सात एक्कावन्न. वजा दहा. खरी वेळ सात एक्केचाळीस. पुढे लिहिलं होतं, “गुरूवर चमक, अंदाजे दीड सेकंद. भाऊंना फोन लागत नाही, सेमाडोहला आहेत.” निळ्या शाईत, त्याच संध्याकाळी, जगात दुसऱ्या कोणाची बातमी यायच्या चार दिवस आधी. मी लॅपटॉप उघडला. त्याला इंटरनेट कधी जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याची वेळ कोणी दुरुस्त करायचा प्रश्न नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोन्ही एकच. मग खिशातला मोबाइल काढला... काढायची गरज नव्हती.

“वहिनी, ही वही त्यांनी दाखवली का नाही?” मी विचारलं.

“मी म्हटलं ना त्याईले. म्हटलं, पानाचा फोटो काढा अन् टाका त्या ग्रुपवर, तोंडं बंद होतीन लोकायची. तर म्हणे, लोकायचं जाऊ दे. भाऊले माहीत आहे आपलं घड्याळ. तीस वर्षं माह्या घड्याळावर बशी पकडल्या त्याईनं. मी काहून पुरावा देऊ? विचारतीन ते.” डब्याचं झाकण त्यांनी उगाच उघडलं आणि लावलं. “दिवाळीपर्यंत म्हणत होते, विचारतीन, विचारतीन. मग म्हणनं सोडून देल्लं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. मग वहिनींनी अगदी साधेपणाने विचारलं, “तुमी खरंच विसरले होते का भावजी?”

हो म्हणालो असतो तर तिथल्या तिथे सुटका झाली असती. पण तायडेंच्या फोटोसमोर बसून ते जमेना. “मले माहीत नाही वहिनी,” मी म्हणालो. तेच खरं आहे. गेले कितीतरी दिवस मी त्या संध्याकाळी फोनसमोर बसलेल्या स्वतःला पुन्हा पुन्हा पाहतो आहे, आणि तो माणूस विसरला होता की त्याने विसरायचं ठरवलं होतं, हे मला सांगता येत नाही. वहिनींनी ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

घरी आल्यावर मी गटात सगळं लिहिलं. घड्याळ, वही, आधी आलेला फोन, काही राखलं नाही. उत्तरादाखल जोडलेले हात आले, फुलं आली. ज्याने हसरा चेहरा टाकला होता त्यानेही हातच जोडले. मग मी वहीचं पान आणि मूळ फीत त्या परदेशी निरीक्षकाला पाठवली. चौथ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. मजकूर थोडका होता. तुमच्या मित्राची फीत फार स्वच्छ आहे, त्यांना माझं अभिनंदन सांगा, आणि एकच शंका आहे, त्यांच्या संगणकाचं घड्याळ किती पुढे होतं ते तुम्हाला नक्की ठाऊक आहे का? ज्याने तायडेंना कधी पाहिलं नाही, ज्याला अकोला नकाशात सापडणार नाही, त्या माणसाने पहिल्याच पत्रात घड्याळाचं विचारलं. मी कळवलं, दहा मिनिटं, नक्की ठाऊक आहे, तीस वर्षांपासून ठाऊक आहे. अभिनंदन पोचवता येणार नाही हेही कळवलं.

ती नोंद आता तायडेंच्या नावाने जोडली गेली आहे. मागच्या आठवड्यात मी तेवढं सांगायला अकोल्याला गेलो. कागद छापून नेला होता. वहिनींनी तो चष्मा लावून, नावावर बोट ठेवून वाचला, घडी केली आणि वहीत ठेवला. लॅपटॉप, वही आणि कॅमेरा मी परत नेले होते. कॅमेरा मात्र त्यांनी मला पुन्हा घ्यायला लावला. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “उठा भावजी, गाडी चुकीन.” मीही घड्याळाकडे पाहिलं. ते खोटी वेळ दाखवतं हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. मी उठलो आणि भराभर चालत स्टँडवर आलो.

गाडी लागली नव्हती. नेहमीच्या फलाटावर, नेहमीच्या खांबापाशी उभा राहिलो. खिशात कॅमेऱ्याचा डबा होता, त्याची कड मांडीला लागत होती. शेंगदाणेवाला समोरून गेला, मी घेतले नाहीत. दहा मिनिटं होती. इतकी वर्षं या दहा मिनिटांत मी माझं काय काय त्या माणसाला सांगितलं होतं, आणि त्याला माझ्याकडून एकच प्रश्न हवा होता. गाडी वळण घेऊन आत येताना दिसली तेव्हा, शेजारी कोणी ऐकत नाही असं पाहून, मी तो विचारला.

“तायडे, तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ बरोबर होतं का हो?”